उघड्या फलाटाची बस
(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास या सोहळ्यात अनेकांनी सांगितला आहे आणि स्मरणिकेतही तो सविस्तर येणार आहे. त्यात भर घालण्यासारखे माझ्यापाशी थोडेच आहे. म्हणून संयोजकांनी ‘कोणत्याही विषयावर बोला’ अशी मोकळीक दिली, तेव्हा मी एका बसविषयी बोलायचे ठरवले. ही बस आपल्या अहमदाबादची नाही, मुंबईची नाही. ती इंग्लंडच्या उत्तरेकडील मँचेस्टर शहरातली आहे आणि आता ती रस्त्यावर धावतही नाही. मुख्याध्यापिकाबाईंना शाळेच्या समारंभात बस कशी आठवली, असे कुणाला वाटेल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आपल्या शहराला ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणतात, हे आपण चौथीच्या भूगोलापासून घोकत आलो आहोत. रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू केली आणि पुढे कितीतरी वर्षे गिरण्यांची यंत्रे लँकशायरहून बोटीने येत राहिली. यंत्रे तिकडून इकडे आली, तशी काही माणसे इकडून तिकडे गेली. माझे वडील त्यांपैकी एक. एका गिरणीने त्यांना १९६१ साली वस्त्रतंत्राच्या पुढील शिक्षणासाठी मँचेस्टरला पाठवले. सॅकव्हिल स्ट्रीटवरच्या भल्यामोठ्या इमारतीतल्या तंत्रमहाविद्यालयात ते शिकत. वर्षभराने, म्हणजे १९६२च्या नोव्हेंबरात, आई त्यांच्याकडे गेली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. शिक्षण सातवीपर्यंत, तेही मराठीतून. इंग्रजी अक्षरे तिला ओळखता येत. वाक्य मात्र बोलता येत नसे.

माझा जन्म ते दोघे परत आल्यानंतरचा. त्यामुळे आज मी सांगते त्या आठवणी माझ्या नाहीत, वारशाने आलेल्या आहेत. पण आमच्या घरी त्या इतक्या वेळा आणि इतक्या भांडणांनिशी सांगितल्या गेल्या, की त्यांचा कोपरान् कोपरा मला पाठ आहे.

तर ही बस. मँचेस्टर कॉर्पोरेशनची, तांबडी आणि सायीच्या रंगाची, दुमजली. आजच्या बसला असते तसे तिला दार नव्हते. मागच्या डाव्या कोपऱ्यात, रस्त्यापासून वीतभर उंचीवर, लाकडी पट्ट्यांचा एक उघडा फलाट असे. कोकणातल्या घराच्या ओट्यासारखा. त्याच्या कडेला जमिनीपासून छतापर्यंत एक उभा खांब. खांब धरायचा, फलाटावर पाय ठेवायचा. डावीकडे वळले की खालचा मजला, वळणाचा जिना चढले की वरचा. धूम्रपान करणाऱ्यांनी वर जायचे, असा रिवाज. चालक पुढे, इंजिनाच्या शेजारी, एका अरुंद खोपटात एकटाच. त्याच्याशी प्रवाशांचा काही संबंध नाही. प्रवाशांचे सारे जग म्हणजे कंडक्टर. गळ्यात तिकिटांचे यंत्र, खांद्याला सुट्या पैशांची कातडी पिशवी आणि हाताशी घंटी. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की निघा, तीनदा वाजली की बस भरली आहे, मध्ये थांबू नका. मुंबईत वाढलेल्यांना ही भाषा निराळी सांगायला नको. बेस्टचा ‘डबल बेल’ याच घराण्यातला.

हे नाते केवळ घंटीपुरते नव्हते. मँचेस्टरच्या पुष्कळशा बसगाड्या लेलँड कंपनीच्या असत आणि लेलँड हे लँकशायरमधलेच एक गाव. त्याच कंपनीशी हातमिळवणी होऊन मद्रासच्या अशोक मोटर्सचे १९५५ साली अशोक लेलँड झाले. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी दादरला मावशीकडे जाई, तेव्हा दुमजली बसच्या मागच्या दारात, वाऱ्यात उभे राहण्यासाठी आम्हा भावंडांत मारामारी होई. आई मात्र तेथे उभी राहत नसे आणि बाबांनाही राहू देत नसे. तिचा हात बाबांच्या सदऱ्याच्या पाठीवर असे. असे का, ते मला बऱ्याच उशिरा कळले.

उघड्या फलाटाचा मोठा गुण असा, की बस थांब्यावरच पकडली पाहिजे असे नव्हते. चौकात दिवा लाल झाला, गर्दीत बस मंदावली, की चपळ माणूस धावत येऊन खांब पकडी आणि चढे. उतरायचेही तसेच. तोंड बसच्या दिशेला ठेवून, चार पावले तिच्याबरोबर धावत उतरायचे. पाठमोरे उतरणारा रस्त्यावर आडवा व्हायचा. नियमाला हे धरून नव्हते, पण सारे शहर ते करी. बाबा वर्षभरात त्यात इतके तरबेज झाले होते, की थांब्यावर उभे राहणे त्यांना कमीपणाचे वाटू लागले होते.

डिसेंबरातली एक संध्याकाळ. आई येऊन महिना झाला होता. ऑक्सफर्ड रोडवर, ऑल सेंट्सपाशी, बाजारहाट करून दोघे रशोमच्या खोलीवर परत निघाले होते. गिरण्यांचा आणि घराघरांतल्या कोळशाचा धूर मिसळलेले पिवळट धुके पसरले होते. एक बस मंद गतीने पुढून गेली. बाबा सवयीने धावले, खांब पकडला, चढले. फलाटावर उभे राहून मागे वळून त्यांनी हात पुढे केला. आई तेथे नव्हती. अंगावर साडी, वर उसना लोकरी कोट, पायांत सवयीचे नसलेले बूट आणि दोन्ही हातांत पिशव्या. ती दोन पावले धावली असेल आणि थांबली असेल.

येथून पुढे आमच्या घरी दोन आख्यायिका आहेत. बाबांच्या मते बस लगेच थांबली. फार तर वीस पावले गेली असेल. आईच्या मते बस गेली. तिचा मागचा तांबडा दिवा काही काळ दिसला, मग तोही धुक्यात विझला. पैसे बाबांच्या खिशात. ती म्हणे, “मी तिथं उभी राहून घराचा पत्ता आठवत होते आणि मला फक्त अहमदाबादचा पत्ता आठवत होता.” हे वाक्य ती हसत सांगे. पण ती ते सांगू लागली की बाबा उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात जात.

बसमध्ये कंडक्टर बाई होती, पन्नाशीची. तिने बाबांकडे पाहिले, त्यांच्या पुढे केलेल्या रिकाम्या हाताकडे पाहिले आणि काही न विचारता एकदाच घंटी दाबली. बस थांबली. बाबा उतरू लागले, तेव्हा तिने त्यांना हातानेच जागेवर थोपवले. धुक्यात आणखी एक माणूस हरवायला नको, असा तिचा हिशेब असावा. ती स्वतः उतरली, मागे चालत गेली आणि थोड्या वेळाने आईच्या कोपराला धरून तिला घेऊन आली. दोन्ही पिशव्या त्या बाईच्या हातात होत्या. खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याला उठवून तिने आईला बसवले. मग यंत्राशी हात नेऊन बाबांना गंभीरपणे विचारले, “तर मग, तिकिटे एक की दोन?” बाबा म्हणाले, “दोन.” घंटी दोनदा वाजली.

त्या बाईने आईला ‘लव्ह’ म्हटले होते. तेथे भाजीवालीपासून परिचारिकेपर्यंत सगळ्याच जणी तसे म्हणतात. आईने बाबांना त्याचा अर्थ विचारला आणि बाबा संकोचले. शेवटी तिचा तिनेच अर्थ लावला. ती म्हणे, “ते ‘बाळे’ म्हणण्यासारखं आहे.” याहून अचूक भाषांतर मला मराठीत एम.ए. करूनही सुचलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईने दोन गोष्टी केल्या. एक, बसमध्ये आधी तिने चढायचे, मग बाबांनी, हा नियम घातला. तो बाबांच्या शेवटच्या दिवसापर्यंत रिक्षालाही लागू होता. आणि दुसरी, पैशांचा एक वेगळा बटवा मागून घेतला आणि एकटी बसने हिंडू लागली.

या बटव्याची एक गंमत सांगितली पाहिजे. त्या काळी इंग्रजी चलन दशमान नव्हते. बारा पेन्सांचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. ते दशमान झाले १९७१च्या फेब्रुवारीत. आपल्याकडे नवे पैसे १९५७ सालीच आले होते आणि बाबा त्यांत रुळले होते. मोडीचा हिशेब करताना त्यांची तेथे नेहमी त्रेधा उडे. आईचे बालपण मात्र आणे-पईत गेलेले. बारा पईंचा आणा. तिला बारा पेन्सांचा शिलिंग शिकावाच लागला नाही. पंधरवड्यात ती कंडक्टरला तिकिटाचे बरोबर सुटे पैसे काढून देऊ लागली, आणि भाषा येण्याआधी त्या शहरात तिचा मान वाढला तो या हिशेबामुळे. शाळेत जे निरुपयोगी म्हणून आपण टाकून देतो, ते कुठे उगवेल ते सांगता येत नाही.

५३ क्रमांकाची बस ही तिची सर्वांत लाडकी. शहराच्या मध्यात न जाता ती चीटम हिलपासून बेल व्ह्यू, रशोम, मॉस साइड असा अर्धवर्तुळाकार वळसा घाली. बेल व्ह्यूला तेव्हा प्राणिसंग्रहालय होते आणि तेथे हत्ती होते. परदेशात कंटाळा आला की आई हत्ती पाहायला जाई. त्या संग्रहालयाचा एक जुना हत्ती, नाव महाराजा, १८७२ साली एडिंबरोला लिलावात घेतला, तेव्हा त्याने आगगाडीचा डबाच मोडला. मग माहुताबरोबर तो दहा दिवस चालत मँचेस्टरला आला. ही कथा आईला ५३वरच्या एका कंडक्टरने अर्धी इंग्रजीत आणि अर्धी हातवारे करून सांगितली होती. महाराजाचा सांगाडा मँचेस्टरच्या वस्तुसंग्रहालयात आजही उभा आहे. मी तो पाहिला आहे.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर हे सारे गोड गोड होईल. तो उघडा फलाट सर्वांसाठी उघडा नव्हता. १९५९ साली ग्यानी सुंदरसिंग सागर नावाच्या शीख गृहस्थांनी मँचेस्टरच्या बसवर कंडक्टरच्या नोकरीसाठी अर्ज केला. गणवेशाची टोपी घालावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. गणवेशाच्याच निळ्या रंगाची पगडी बांधतो आणि तिच्यावर बिल्ला लावतो, असे त्यांनी सुचवले. ते मान्य झाले नाही. नगरपालिकेची समिती, सभा, वर्तमानपत्रांतली पत्रे असा हा वाद सात वर्षे चालला. अखेर १९६६ साली पगडीला परवानगी मिळाली. माझे आईवडील तेथे होते तो काळ नेमका या वादाच्या मधला. बसला माणसे कमी पडत होती, फेऱ्या रद्द होत होत्या आणि एका पगडीपायी समित्या बसत होत्या. वर्तमानपत्रातली ती बातमी बाबांनी वाचून दाखवली, तेव्हा आईने विचारलेला प्रश्न बाबांनी घरी लिहिलेल्या पत्रात आहे: “तिकीट डोक्यानं फाडतात का हातानं?”

आणि त्या नोकरीतही सुख नव्हते. आठ तास जिना चढायचा-उतरायचा, तोही हलत्या गाडीत, एका हाताने यंत्र सांभाळत. फलाट उघडा असल्यामुळे हिवाळ्यात खालच्या मजल्यावर गोठवणारा वारा शिरे. १९६२-६३चा हिवाळा तर इंग्लंडच्या इतिहासातल्या अत्यंत कडक हिवाळ्यांपैकी एक. धुके फारच दाटले की कंडक्टर हातात दिवा घेऊन बसच्या पुढे चालत जाई आणि चालक त्या दिव्यामागून गाडी हाकी. खांबावरचा हात सुटून माणसे पडत, जायबंदी होत, कधी मरतही. म्हाताऱ्याला, गरोदर बाईला, कुबडीवाल्याला तो फलाट सोयीचा नव्हता. ज्यांचे पाय धड होते त्यांनीच त्याचे गोडवे गायले आहेत, असे माझे मत आहे, आणि त्यात मी माझ्या वडिलांनाही धरते.

मग तो का गेला? अपघातांमुळे नव्हे; हिशेबामुळे. १९५८ साली लेलँडनेच अ‍ॅटलांटियन नावाची बस बाजारात आणली. तिचे इंजिन मागे गेले आणि दार पुढे, चालकाच्या डोळ्यांसमोर आले. दार त्याच्यासमोर आले, तेव्हा तिकीटही त्यानेच का देऊ नये? १९६६पासून ब्रिटनमध्ये दुमजली बस एकट्या माणसाने चालवायला कायद्याने परवानगी मिळाली. १९६८ साली मँचेस्टरने ‘मँक्युनियन’ या नावाची आपली नवी देखणी बस रस्त्यावर आणली, ती हाच विचार करून. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला मँचेस्टर आणि भोवतालच्या गावांच्या मिळून अकरा नगरपालिकांच्या बससेवा एकत्र झाल्या, तांबडा रंग जाऊन नारिंगी-पांढरा आला आणि सत्तरीच्या दशकात उघड्या फलाटाच्या गाड्या एकेक करून मोडीत निघाल्या. कंडक्टरही त्यांच्याबरोबर गेले. बस अधिक उबदार झाली, अधिक सुरक्षित झाली. फक्त मागे कोण राहिले, हे पाहायला मागे कुणी उरले नाही. चालकाला आरसा असतो. पण धुक्यात उतरून मागे चालत जाता येत नाही. मुंबईतही तेच झाले. दुमजली बसला दोन कंडक्टर लागतात, खर्च परवडत नाही, असे वर्षानुवर्षे ऐकत होतो. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची शेवटची जुनी दुमजली बस धावली. त्या दिवशी मी दूरदर्शनवर ती हार घातलेली बस पाहिली आणि आईची आठवण झाली.

मी १९९३ साली या शाळेत साहाय्यक शिक्षिका म्हणून रुजू झाले. त्याआधीच्या दशकात आपल्या शहरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या होत्या, बाबांचीही. आपल्या शाळेतल्या कितीतरी घरांत तेव्हा चूल कशी पेटत होती, ते येथे बसलेल्या काही माजी विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. माझ्या वर्गात नववीत एक मुलगी होती. तिच्या वडिलांची गिरणी बंद झाली होती, आई घरी पापड लाटत होती. मुलगी आठवड्यातून तीन दिवस येई. मी अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत होते. एका रात्री घरी चिडून म्हणाले, “तिच्यासाठी सगळा वर्ग थांबवून ठेवू का?” आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या बाईनं बस थांबवली होती. सगळी बस.” मला राग आला. ती बस आणि हा वर्ग यांचा काय संबंध, असे मी तिला विचारलेही. तिने उत्तर दिले नाही. मी त्या वर्षी अभ्यासक्रम वेळेत पुरा केला. मुलगी दहावीला बसली नाही. तिचे नाव मी येथे घेणार नाही. पण हजेरीपटातला तिचा क्रमांक मला अजून पाठ आहे.

बाबा २००६ साली गेले. २०११ साली धाकट्या भावाच्या कामानिमित्ताने इंग्लंडला जाण्याचा योग आला, तेव्हा आईला बरोबर घेतले. ती सत्तरीची झाली होती. बेल व्ह्यूचे प्राणिसंग्रहालय कधीच, १९७७ साली, बंद झाले होते. रशोमच्या रस्त्यावर आता मैलभर भारतीय आणि पाकिस्तानी खाणावळींच्या रांगा होत्या. आईला ते पाहून आनंद झाला आणि किंचित रागही आला. “मी होते तेव्हा कोथिंबीर मिळत नव्हती,” ती म्हणाली.

चीटम भागात बॉइल स्ट्रीटवर जुन्या बसआगारातच वाहतुकीचे संग्रहालय आहे, १९७९ साली उघडलेले. तेथे ओळीने जुन्या बसगाड्या उभ्या. निवृत्त माणसे स्वेच्छेने येऊन त्या पुसतात, रंगवतात, चालू ठेवतात. तांबड्या रंगाची, उघड्या फलाटाची एक बस दिसताच आई थबकली. मग जवळ जाऊन तिने तो खांब हाताने चाचपला, जणू उंची मोजत होती. तेथेच, इतक्या वर्षांनी, तिने मला एक गुपित सांगितले. परत निघण्याच्या आदल्या आठवड्यात, बाबा कॉलेजात असताना, तिने पिकॅडिलीजवळ एकदा चालती बस धावत पकडली होती. एकदाच. “जमतं का ते बघायचं होतं,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांना कधी सांगितलं नाही.”

मी इतकी हरखून गेले होते, की बस आतून पाहण्याच्या ओढीने खांब धरला आणि चढले. लाकडी पट्ट्या, वळणाचा जिना, घंटीचे बटण. सारे मला जन्मापासून माहीत असल्यासारखे होते. मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होते, तेव्हा खालून आईचा आवाज आला, “तूसुद्धा?”

मी वळून पाहिले. ती खाली उभी होती. एक हात खांबावर, गुडघा वर उचलत नव्हता. मी उतरू लागले, पण माझ्या आधी तेथल्या कपडे मळलेल्या एका वृद्ध स्वयंसेवकाने हातातले फडके खाली ठेवले, तिच्या कोपराला धरले आणि तिला फलाटावर चढवून घेतले. ती खालच्या मजल्यावर दारालगतच्या बाकावर बसली. त्याने मला विचारले, घंटी वाजवून पाहायची आहे का? मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, “दोनदा वाजव. आता सगळे चढलेत.”